चार घरांचं सांडपाणी आणि एकट्या माझं अंगण

"आमच्याकडे तर पाणी व्यवस्थित जातंय." हे वाक्य आता मला ऐकवत नाही. सगळ्यात वरच्या घरातले काका हेच म्हणतात. त्यांच्या खालचे भैय्याजीही तेच, "हमारे यहाँ तो कोई दिक्कत नहीं है." अहो, दिक्कत असेल कशी? तुम्ही ढाळाच्या वरच्या टोकाला बसलाय! तुमच्याकडून पाणी सुटतं म्हणून तर ते माझ्या मोरीतून वर येतं.

इंदूरमधल्या सुदामानगरच्या आमच्या गल्लीत चार घरांना मिळून एकच ड्रेनेज लाइन आहे. घरं बांधली तेव्हा खर्च वाचवायला सगळ्यांनी मिळून टाकलेली. ती येते माझ्या घराशेजारच्या बोळातून, शेवटचं चेंबर माझ्या अंगणात, आणि तिथून पुढे बॅकलेनमधली, म्हणजे घरांमागच्या गल्लीतली, निगमची (महानगरपालिकेची) मेन लाइन. चेंबरच्या अलीकडे-पलीकडे कुठंही अडलं की पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं, आणि ते तोंड म्हणजे माझी न्हाणी. कुणाच्या आंघोळीचं, कुणाच्या भांड्यांचं, कुणाच्या संडासाचं, सगळं माझ्या फरशीवर. घरात सासूबाई आहेत, ऐंशी उलटलेल्या. त्यांना त्या घाणीतून हाताला धरून न्यावं लागतं. वर तेव्हा सगळे गाढ झोपलेले असतात.

मग मी दार वाजवते, तर उत्तर ठरलेलं. "वहिनी, चेंबर तुमच्या हद्दीत आहे ना, मग तुम्हालाच बघावं लागेल."

या, बघा एकदा ते चेंबर. झाकण उचललं की वर पांढऱ्या चरबीचा जाड थर असतो, बोटानं दाबला तर दबत नाही इतका घट्ट. कढईतलं उरलेलं गरम तेल बेसिनमध्ये ओतलं की ते पातळ असतं तोवर वाहून जातं, पुढे पाइपात थंड होतं, साबणाच्या फेसाबरोबर चिकटून बसतं. त्या थरात अडकलेले केसांचे गुंतवळे, शॅम्पूच्या पुड्या, चहाचा चोथा, सॅनिटरी पॅड आणि लहान बाळाचं डायपर. माझ्या घरात लहान बाळ नाही. तरी ते बाहेर काढायचं मी, उन्हात वाळत ठेवायचं माझ्या अंगणात, आणि कचऱ्याच्या गाडीत कुठल्या डब्यात टाकायचं हेही मीच विचारायचं.

लाइन जुनी आहे, चार इंची, स्टोनवेअरची, म्हणजे भाजलेल्या मातीची. सांधे सिमेंटचे, ते कधीच उकललेत, आणि बोळातल्या पिंपळाची मुळं आत शिरलीत. चार इंची पाइपाला चाळीस फुटांमागे एक फूट ढाळ लागतो. जमीन खचून मधे पाइप बसलाय, तिथे पाणी थांबतं आणि गाळ साचतो. हे मला प्लंबरनं दाखवलं, मी सगळ्यांना बोलावलं, आणि बघायला आलं कोण? एकटी तिसऱ्या घरातली ताई, तीही नाकाला पदर लावून परत गेली.

भैय्याजींनी मधल्या काळात घरावर दोन मजले चढवले. भंवरकुआंच्या कोचिंगला येणारी मुलं भाड्यानं ठेवलीत, प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम. एका कुटुंबाचं पाणी जायचं त्याच पाइपात आता अख्ख्या वसतिगृहाचं जातं. गच्चीचं पावसाचं पाणीसुद्धा त्यांनी ड्रेनेजलाच जोडलंय, म्हणजे जुलैत एक जोराची सर आली की माझ्याकडे पूर. भाडं महिन्याच्या महिन्याला मोजून घेतात. त्या भाडेकरूंचा मैला माझ्या दारात उपसायला मात्र मी!

"हद्द तुमची" म्हणणाऱ्यांनी कायदा तरी वाचावा. मी वाचलाय. 1882 चा सुखाधिकाराचा कायदा आहे, इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट. दुसऱ्याच्या जमिनीतून आपलं पाणी न्यायचा हक्क ज्याला आहे, त्या वाटेच्या दुरुस्तीचा खर्च त्यानंच करायचा, असं कलम 25 सांगतं. ज्याच्या जमिनीतून ते जातं, त्याच्यावर त्यासाठी काही करायचं बंधन नाही, हे कलम 27. आणि कलम 29 म्हणतं की आपल्या घरात नुसती वाढ करून हा हक्क मोठ्या प्रमाणात वाढवून घेता येत नाही. म्हणजे ज्या हद्दीमुळे तुम्ही मला जबाबदार धरताय, त्याच हद्दीमुळे जबाबदारी तुमच्यावर येते. तरी मी माझा चौथा हिस्सा द्यायला पहिल्या दिवसापासून तयार आहे, कारण माझंही पाणी त्याच चेंबरात पडतं.

"निगमला सांगा ना, त्यांच्या तक्रारीच्या 311 अ‍ॅपवर टाका." टाकली तक्रार. माणसं आली, मशीन लावून बॅकलेनची मेन लाइन मोकळी करून गेली. घराच्या हद्दीतली लाइन घरमालकांची, ती त्यांनीच सांभाळायची, असं सांगून गेली. बरोबरच आहे ते. तुमच्या स्वयंपाकघरातलं तूप-तेल शहरानं येऊन खरवडायचं का?

आणि काकांचं ते एक बोलणं तर माझ्या डोक्यातून जात नाही. "कुणाला तरी चारशे-पाचशे द्या, उतरेल आत आणि करेल हातानं साफ." उतरेल? आत विषारी वायू साचतो, माणूस एक-दोन श्वासांत बेशुद्ध पडू शकतो. गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणसाला साधनांशिवाय उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. असे मृत्यू थांबेनात, म्हणून सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2023 मध्ये भरपाई तीस लाखांवर नेली. काका शिकलेले, पेन्शनवाले, रोज पेपर वाचणारे. स्वतःचा हिस्सा वाचवायला दुसऱ्याच्या पोराला मैल्यात उतरवायला निघालेत, आणि हे बोलताना त्यांचा आवाजसुद्धा खाली आला नाही. मी त्यांना तिथेच सांगितलं, माझ्या अंगणात हे होणार नाही.

पैसे नाहीत म्हणावं तर तेही नाही. गणपतीची वर्गणी याच घरांतून एका फेरीत गोळा होते. 2017 पासून सलग सात वर्षं इंदूर देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिलं आलं, निकाल लागला की गल्लीच्या ग्रुपवर सगळ्यात आधी अभिनंदन टाकणारे हेच लोक. मलाही अभिमान आहे, खरा अभिमान आहे. 2021 मध्ये आपलं शहर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, ते कान्ह आणि सरस्वती नद्यांत पडणारे हजारो सांडपाण्याचे पाइप बंद करून ड्रेनेजला जोडले म्हणून. त्यासाठी बऱ्याच घरमालकांनी आपल्या खिशातून खर्च केला, स्वतःच्या घराच्या फरशा उखडल्या. नाल्याकाठच्या छोट्या घरांतल्या माणसांना जे जमलं, ते गाड्या बाळगणाऱ्या आमच्या चार घरांना जमत नाही?

याच बोळातून नर्मदेच्या नळाची लाइनही गेलीय, ड्रेनेजपासून हातभर अंतरावर. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ बंद असतो तेव्हा त्या पाइपात दाब नसतो, आणि सांधा कुठं सैल असेल तर आजूबाजूला मुरलेलं घाण पाणी आत ओढलं जातं. तो नळ फक्त माझ्या घरात येत नाही, चौघांकडेही येतो. ताईचं बाळ तेच पाणी पितं. हे तिला सांगितलं तेव्हा कुठे तिनं पैसे द्यायचं कबूल केलं.

आता उरले दोघं. प्लंबरचं अंदाजपत्रक ग्रुपवर टाकलंय. सहा इंची पीव्हीसी, नवा ढाळ, बोळात दोन चेंबरं म्हणजे कुठं अडलं ते कळेल, आणि प्रत्येक स्वयंपाकघराच्या लाइनवर चरबी अडवायचा ट्रॅप. काका आणि ताईचा एकेक हिस्सा, माझाही एक, भैय्याजींचा खोल्यांच्या हिशेबानं जास्त, आणि गच्चीचा पाइप ड्रेनेजमधून काढायचा. दोघांनी मेसेज वाचलाय, उत्तर नाही. रविवारपर्यंत पैसे आले नाहीत तर सोमवारी वकिलाची नोटीस जाईल, दोन्ही घरांना, स्पीड पोस्टानं. मग माझ्या दारात येऊन "वहिनी, शेजारधर्म आहे" म्हणायचं नाही.