किरकोळ काम आहे, करून घ्या

जुना टेम्पो विकणारा माणूस तीनच वाक्यं बोलतो. इंजिनाला हात लावलेला नाही, सिंगल हँड गाडी आहे, आणि थोडं किरकोळ काम आहे ते तुम्ही करून घ्या. तिन्ही शंभर टक्के खरी असतात बरं का. इंजिनाला खरंच कोणी हात लावलेला नसतो, ऑइल बदलायलासुद्धा. सिंगल हँड म्हणजे चारही बाजूंनी एकाच माणसाने ठोकलेली. आणि किरकोळ काम काय असतं ते आता सांगतो.

माझं आणि मेव्हण्याचं भांडुपला छोटंसं केटरिंग आहे. बारसं, साखरपुडा, मुंज, असल्या ऑर्डरी. दर वेळी टोपं-शेगड्या न्यायला भाड्याचा टेम्पो करायचा, त्याचं भाडं, वेटिंगचे वेगळे, त्याच्या पोऱ्याचा चहा-वडापाव, हे सगळं देऊन आमच्या हातात राहायचं काय तर उरलेला मसालेभात. म्हणून एक जुना छोटा हत्ती, म्हणजे टाटाचा एस टेम्पो घेतला, १ लाख १० हजारात. दुरुस्तीला २५ हजार, वर एक दमडी मिळणार नाही असं बायकोने जाहीर केलं आणि ते २५ हजार स्वतःच्या कपाटात ठेवून चावी कमरेला लावली.

गाडी तशी गुणी आहे हां. टाटाने २००५ ला काढली तेव्हापासून मुंबईच्या गल्लीबोळांतला निम्मा माल हिच्याच पाठीवर फिरतोय. दोन सिलिंडर, १६ हॉर्सपॉवर, पाऊण टन माल, जिथे मोठा टेम्पो तोंड पण घालू शकत नाही तिथे ही आरामात शिरते. फक्त इंजिन सीटखाली. त्यामुळे मे महिन्यात चालवायची तर बुडाला शेक फुकट, त्याचं वेगळं बिल नाही.

आमचा मिस्त्री डॉक्टरांपेक्षा डेंजर. गाडी चालू केली, डोळे मिटून ऐकली, सीट उचलून आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "खोलके देखना पडेगा." मित्रांनो, ह्या वाक्याला घाबरा. कारण एकदा खोललं की आत जे जे काही इतकी वर्षं गुपचूप एकमेकांना धरून बसलेलं असतं ना, ते सगळं एकदम सुटतं. क्लच प्लेट बदलायला खोललं तर प्रेशर प्लेट गेलेली, ती काढली तर बेअरिंग वाजतंय, आणि बेअरिंगसाठी आत हात घातला तर मिस्त्री नुसता "अरे बापरे" म्हणाला. काय झालं विचारलं तर म्हणे कुछ नहीं सेठ, आप चाय पिओ. सेठ म्हटल्यावर मी समजलो की आता आकडा मोठा येणार.

पत्र्याची तर कथाच वेगळी. हौद्याचा पत्रा इतका कुजलेला की वेल्डिंगवाला जिथे रॉड टेकवेल तिथे नवीन भोक. त्याचं म्हणणं, वेल्डिंगला पकडायला आजूबाजूला चांगला पत्रा लागतो, इथे चांगलं कायतरी दाखवा मग मी काम करतो. हा गंज कुठून आला ते पहिल्या उन्हात कळलं. आधीचा मालक गाडीतून भाऊच्या धक्क्यावरून मासळी न्यायचा. बर्फ वितळून ते खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यात मुरलेलं, पत्रा खाल्लाच पण वास पण मागे ठेवून गेला. आणि आमची पुढची ऑर्डर कोणाची? मुलुंडच्या एका शुद्ध शाकाहारी कुटुंबाची मेहंदी! फिनेल झालं, लिंबू झालं, मेव्हण्याने एक अख्खा पुडा अगरबत्ती लावली, तर नुसताच सुक्या बोंबलाची पूजा घातल्याचा वास. शेवटी जुना पत्राच कापून टाकला आणि नवीन ठोकला, बजेटचा तिसरा हिस्सा तिथेच गेला.

मग काटकसर सुरू. कुर्ल्याला सीएसटी रोडला जा, जुन्या पार्टची दुकानंच दुकानं. तिथला माणूस विचारतो, "ओरिजिनल दूं, कंपनी जैसा दूं, के चलनेवाला दूं?" आता चालणारा तिसराच असेल तर पहिले दोन काय करतात हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. जुना सायलेन्सर घेतला साडेआठशेला, रिक्षाचे पैसे वाचवायला लोकलच्या मालडब्यात चढलो. डब्यात एक कोळीणमावशी रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या. सायलेन्सरकडे बघून म्हणाल्या, "कितीला घेतलास?" मी अभिमानाने सांगितलं. "साडेआठशे? अरे माझ्या पोराने पाचशेत आणला, तो पण कमी गंजलेला." पुढे घाटकोपर येईपर्यंत मला भाव कसा करायचा त्याची शिकवणी, की आधी वस्तूला नाव ठेवायचं, मग पाठ फिरवायची, हाक मारली तरी चार पावलं पुढे जायचं. विक्रोळीला अख्खा डबा माझ्या सायलेन्सरवर चर्चा करत होता, एक दुधवाले काका तर म्हणाले ह्याला आतून फोडून बघितलं का. भांडुपला मी असा उतरलो की जणू सायलेन्सर दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

सेल्फचं, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन चालू करणाऱ्या स्टार्टरचं काम मात्र बजेटमध्ये बसेना, म्हणून ते पुढच्या महिन्यावर ढकललं. भांडुपला काय, टेंभीपाड्याकडे चढ-उतार भरपूर, रात्री गाडी उतारावर लावायची, सकाळी न्यूट्रलमध्ये सोडायची, सेकंड टाकून क्लच सोडला की चालू. पण दादरला काय करणार? दादर सपाट! तिकडे ऑर्डर असली की मेव्हणा इंजिन चालू ठेवून गाडीतच बसून राहायचा, आणि डिझेलचा हिशोब बघून बायको मला विचारायची की तो नक्की वाढायला येतो की गाडी राखायला. एकदा हॉलच्या दारात गाडी बंद पडली तेव्हा नवरदेवाच्या मामांनी फेट्यासकट धक्का मारलाय. फोटोग्राफरने त्याचा व्हिडिओ काढला, तो लग्नाच्या अल्बमच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे.

पासिंगचं जास्त सांगत नाही. गाडी आठ वर्षांच्या पुढची असली की दरवर्षी फिटनेस, त्यासाठी ब्रेक, लाइट, वायपर, रिफ्लेक्टर पट्ट्या, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पण. वेग आवरणारा स्पीड गव्हर्नर पण लागेल का विचारलं तर मिस्त्री इतका हसला की त्याच्या हातातला पाना पडला.

आता उरलं पेंटिंग. पेंटरला मागे 'हॉर्न ओके प्लीज' हवंच होतं, त्याच्या मते त्याशिवाय टेम्पो अपूर्ण. म्हटलं बाबा, ते महाराष्ट्रात २०१५ पासून बंद आहे, दुसरं काहीतरी लिही. मग त्याने विचारून न विचारल्यासारखं करून मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं, 'आईचा आशीर्वाद'.

कोणाच्या आईचा? माझ्या आईने गाडी बघितली, डोळ्याला पदर लावला. सासूबाईंनी बघितली, त्यांनी पण लावला, कारण त्यांच्या मुलाचे निम्मे पैसे आहेत ना. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि त्या दिवसापासून दोघींनाही गाडीच्या पुढच्या सीटवर बसून कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जायचंय. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा एकीचीच आहे, आणि मालाच्या गाडीत मागे माणसं बसवता येत नाहीत. मेव्हणा म्हणतो, "भावोजी, तुम्ही मोठे, तुम्हीच सांगा कोणाला न्यायचं." मी म्हटलं आधी सेल्फ बसवून घेऊ, घाटात धक्का मारायला आई पण नको आणि सासूबाई पण नको. मिस्त्रीला फोन केलाय. तो म्हणतो, सेल्फचं किती होईल ते आत्ता नाही सांगता येणार.