लहानांच्या भावना दुखावत नाहीत का?

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मोठ्यांच्या भावना फार लवकर दुखावतात. कुठल्या फलकाला काळं फासलं, कुणी स्टेटसला काही ठेवलं, की दुपारपर्यंत बाजारपेठ बंद आणि एसटी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरूनच माघारी. ही टिंगल नव्हे. १९५६ ला हा मराठी मुलूख कानडी राज्यात घातला, तेव्हापासून आमची तक्रार एकच आहे, आमचं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो तो त्यासाठीच, आणि २००४ साली सुप्रीम कोर्टात गेलेल्या महाराष्ट्राच्या सीमादाव्याकडे डोळे लावून बसलोय तेही त्यासाठीच. पण हाच माणूस मोर्चाहून घरी येतो, उंबऱ्यात चार वर्षांचं पोरगं भोकाड पसरून बसलेलं दिसतं, आणि तोंडातून पहिला शब्द निघतो, ‘गप्प! एकदम गप्प!’ पोराला गप्प करण्याच्या बाबतीत मराठी आणि कानडी घरांत काडीचाही सीमावाद नाही.

तऱ्हा तरी किती! पोर पडलं की ‘मुंगी मेली बघ’ म्हणायचं आणि फरशीला दोन चापट्या मारायच्या. जेवत नसलं की पोलीस. झोपत नसलं की बुवा. ऐकत नसलं की ‘डॉक्टरला सांगून सुई टोचायला लावते’. मग लसीकरणाला आरोग्य केंद्रात नेलं की ते पोर किंचाळतं, दोघांनी धरून ठेवावं लागतं, आणि तीच आई म्हणते, ‘अगं, डॉक्टरकाका किती चांगले आहेत!’ पोरानं यातलं खरं कुठलं मानायचं? अलीकडे या सगळ्यावर एकच उपाय निघालाय, मोबाइल. लग्नाच्या कार्यालयात पंगतीत बघा, हुंदका पुरता यायच्या आत हातात स्क्रीन.

मुंगी मारणाऱ्या आज्जीला मी नावं ठेवत नाही. तिच्या त्या थापेत माया असते. पण गुडघा ठणकतोय आणि सगळी मोठी माणसं हसत ‘काही झालं नाही’ म्हणतात, हे रोज घडलं तर पोराचा स्वतःच्याच दुखण्यावरचा विश्वास उडणार. ‘लागलं ना रे? दाखव बघू’ म्हणायला काय जातं? तेवढाच वेळ लागतो.

निपाणीकडे आमच्या चुलतभावाच्या घरी गेल्या पावसाळ्यात म्हैस व्याली, रेडकू झालं. ते पोसायचं म्हणजे किती दूध त्याच्या पोटात जाणार, हा हिशोब शेतकऱ्याला शिकवायला नको. विकलं. भावाचा पाचएक वर्षांचा पोरगा शाळेतून आला, मोकळं दावं बघितलं आणि गोठ्यातच बसला. जेवायला उठेना. आईनं बिस्किटाचा पुडा दाखवला. काकानं ‘दुसरं आणूया की’ म्हटलं. ‘पोरगा असून रडालंय बघ’ म्हणून कुणीतरी हसलंही. मग आज्जा आले आणि शेजारी वैरणीच्या पेंढीवर टेकले. ‘रेडकाची आठवण येती व्हय?’ एवढंच विचारलं. पोरानं मान हलवली. बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘आज्जा, तिकडं त्याला दूध मिळंल का?’ इथं ‘मिळंल की’ म्हणून मोकळं होता आलं असतं. आज्जा म्हणाले, ‘ठावं नाही बाळा. मलाबी वाईट वाटालंय.’ पोरगं त्यांच्या मांडीत डोकं खुपसून मोठ्यानं रडलं, नाक धोतराला पुसलं, आणि थोड्या वेळानं भूक लागली म्हणत उठलं.

रेडकू परत आलं नाही, आणायचं वचनही कुणी दिलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण भावनेला मान द्या म्हटलं की लोकांना वाटतं, पोर मागेल ते द्या. तसं नाही. दुकानासमोर चॉकलेटसाठी लोळण घेतलेल्या पोराला ‘तुला हवं होतं, मिळालं नाही, म्हणून राग आलाय’ असं म्हणता येतं आणि चॉकलेट न घेताही घरी येता येतं. धाकट्या बहिणीला बोचकारलं तर हात धरायचाच, बोचकारू द्यायचं नाही. राग यायला हरकत नाही, मारायला आहे. ज्यांना ‘अशानं पोरं डोक्यावर बसतात’ असं वाटतं, त्यांनी हा फरक एकदा करून बघावा.

रागाला, भीतीला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. तीन वर्षांच्या पोराकडून संयमाची अपेक्षा म्हणजे पेरणीच्या दिवशी मळणीची घाई. तोवर त्याला मोठ्या माणसाचा शांतपणा उसना घ्यावा लागतो. आणि आपण काय करतो, तर त्याच्या वरताण ओरडतो.

आमच्या भागात यात आणखी एक गाठ आहे. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि साडेतीन-चार वर्षांचं होताच पोर इंग्रजी माध्यमाच्या एलकेजीत. शूला लागली, डब्याचं झाकण उघडेना, शेजारच्यानं चिमटा काढला, यातलं काहीच त्या भाषेत सांगता येत नाही. सकाळी बूट घालताना पोट दुखतं ते खरंच दुखतं. त्या वेळी ‘नाटकं करू नको, रिक्षा आली’ म्हटलं, तर दिवसभर शाळेत मुकं राहिलेलं पोर घरीही मुकं होतं. संध्याकाळी ‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाआधी ‘आज रडू आलं का कधी?’ हे आपल्या भाषेत विचारा. शिकवलेलं वहीत असतंच.

हे सगळं फॉरेनचं फॅड आहे असं म्हणणारे भेटतात. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी गुजरातेतल्या भावनगरात बालमंदिर काढलं १९२० साली, आणि तिथंच त्यांच्यासोबत काम करून ताराबाई मोडकांनी पुढं १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं. मारू नका, भीती घालू नका, मुलाला माणूस समजा, हे त्यांनी कधीच सांगून ठेवलंय. शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच बंदी आहे. घरात कुठला कायदा येणार?

आता खाली ‘आम्ही मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं?’ अशी कमेंट येणार. येऊ द्या. आमच्याच गल्लीत चाळिशी ओलांडलेले बाप्ये आहेत, वडिलांशी उसाच्या बिलावर तासभर बोलतील, पण नोकरी सुटली, जीव घाबरतोय, हा निरोप अजून आईच्या हातीच पाठवतात. आणि वडील तिलाच विचारतात, ‘त्याला काय झालंय गं?’