जल्लोषात संपन्न

दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस उरले होते आणि मी स्टाफरूममध्ये डबा उघडला, एवढीच माझी चूक. डब्यात कडक भाकरी होती. कडक भाकरी तोंडात असताना माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. आधी ती मोडायची, मग चावायची, मग गिळायची. आणि तेवढ्या वेळात मोठे सर "मग ठरलं तर, प्रथम सत्राचा अहवाल मराठीचे सर लिहितील" असं म्हणून निघूनही गेले होते. गणिताच्या सरांनी त्या दिवशी वरण-भात आणला होता. ते वाचले.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला लिहायला आवडतं, असा एक गैरसमज सगळ्या शाळांमध्ये पसरलेला आहे. त्यामुळे फळ्यावरचा सुविचार मी, सेवानिवृत्तीचं मानपत्र मी, पाहुण्यांचा परिचय मी आणि पाहुणे आलेच नाहीत तर दिलगिरीही मीच. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या लग्नपत्रिकेतली बालगोपाळांची आग्रहाची ओळसुद्धा माझ्याकडून लिहून घेतली. शब्दांना पैसे पडत नाहीत ना!

मोठ्या सरांनी सोबत एक सूचनाही ठेवली होती. मागच्या वर्षीच्या अहवालात अकरा पानांत चौतीस वेळा 'उत्साहात' हा शब्द आला होता. "ते वाचून अध्यक्षांचा उत्साह गेला," मोठे सर म्हणाले. "यंदा जरा वैविध्य येऊ द्या."

आता शाळेबाहेरच्या माणसाला वाटेल, एका सत्रात असं असतं तरी काय? जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा गुलाबाची फुलं देऊन प्रवेशोत्सव. २१ जूनला योग दिन. २६ला शाहू महाराजांची जयंती. मग आषाढी. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती एकाच दिवशी येते, म्हणजे प्रार्थनेनंतरची पंधरा मिनिटं गंभीर चेहरा आणि पुढची पंधरा मिनिटं प्रसन्न. ९ ऑगस्ट, १५ ऑगस्ट, २९ ऑगस्टचा क्रीडा दिन, ५ सप्टेंबर, १४ सप्टेंबरचा हिंदी दिन, २ ऑक्टोबर, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. अधूनमधून घटक चाचण्या, चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट, मैदानी स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन. यातून एखादा दिवस रिकामा सापडलाच तर आम्ही शिकवतो.

त्यात आमचा जिल्हा सोलापूर. २०२० साली माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, १० लाख डॉलर म्हणजे सुमारे ७ कोटी रुपये. आनंदच झाला. पण तेव्हापासून जिल्ह्यातल्या तमाम शिक्षकांचे सासरे जागे झाले आहेत. "तुमच्या शाळेत असा काही उपक्रम नाही का हो?" असं माझे सासरे दर दिवाळीला विचारतात. गुरुजींनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली, हे ऐकल्यावर बायकोनं मला तेव्हाच बजावून ठेवलं आहे, की आपल्याला मिळालं तर आधी घरी विचारायचं.

असो. मी ग्रुपवर निरोप टाकला : 'आपापल्या उपक्रमांची माहिती पाच ओळींत पाठवावी.' उत्तरादाखल चौदा अंगठे आले. एक गुलाबाचं फूल आलं. आणि सहा समित्यांच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी विचारलं, "कोणते उपक्रम?"

मग मी वही घेऊन एकेकाला गाठायला सुरुवात केली. पहिले पी.टी.चे सर. ते मैदानावर चुना टाकत होते.

"लिहा, खो-खोचा संघ उपांत्य फेरीत," ते मान वर न करता म्हणाले.

"वा! किती सामने जिंकलो?"

"एकही नाही."

"मग?"

"पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. दुसऱ्या फेरीत समोरचा संघच आला नाही. बस बंद पडली त्यांची."

"आणि उपांत्य फेरीत?"

"उपांत्य फेरीत समोरचा संघ आला."

मी अहवालात लिहिलं : 'एकही गुण न गमावता उपांत्य फेरीत धडक.' हे वाक्य त्यांना वाचून दाखवलं तर चुन्याचं घमेलं खाली ठेवून त्यांनी माझा हात हातात घेतला.

वृक्षारोपणाचा मामला जास्त नाजूक निघाला. हल्ली फोटोवर अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छापून यावी लागते, त्याशिवाय वरचे लोक झाड मानत नाहीत. हरित सेनेच्या मॅडमनी रोपं खरोखर लावली होती, मी साक्षीला होतो. पण फोटो साध्या कॅमेऱ्यानं काढलेले. चूक लक्षात आल्यावर त्यांनी रात्री घरी बसून नवऱ्याच्या मोबाइलवर ते फोटो लावले आणि त्यांचे आपल्या मोबाइलमधल्या ठसेवाल्या ॲपनं पुन्हा फोटो काढले. परिणामी शासनदरबारी आमचं वृक्षारोपण रात्री १० वाजून ४० मिनिटांनी, जुळे सोलापुरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर झालेलं आहे. एका फोटोच्या कडेला कुकरचं झाकणही दिसतं. रोपांचं म्हणाल तर त्यांनी सोलापूरच्या माणसांसारखंच चार-पाच दिवसांआड पाणी पिऊन जगायची सवय करून घेतली आहे.

दिंडीचं लिहिताना मात्र हात थांबेना. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे विठ्ठल-रखुमाई होण्यासाठी वर्गावर्गांत मारामारी. यंदाचा विठ्ठल विजापूर रोडचा, घरी कन्नड बोलणारा. रुक्मिणी पूर्व भागातली, म्हणजे घरी तेलुगू. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला 'कानडा' म्हटलं आहे, ते इतकं शब्दशः माझ्यासमोर कधी उभं राहिलं नव्हतं. दोघं पाटावर कमरेवर हात ठेवून अर्धा तास उभे होते. मध्येच विठ्ठलाच्या नाकावर माशी बसली. हात कमरेवरून काढायचा नाही अशी सक्त ताकीद होती. देवानं ओठ न हलवता रुक्मिणीला सांगितलं, "हाकल की बे." जगन्मातेनं ठणकावलं, "मी पण हात काढलेली नाही बे." हे अहवालात कसं घालणार? 'भक्तिमय वातावरणात' घातलं.

९ ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेत अकरा मुलांनी एकच भाषण केलं, कारण ते सगळ्यांना एकाच ठिकाणी सापडलं होतं. बाराव्या मुलाला भाषण सापडलं नव्हतं म्हणून तो सोलापूरबद्दल बोलला. १९३०च्या मे महिन्यात गावातलं इंग्रजांचं राज्य तीन दिवस उठलं होतं, मग मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, हे त्यानं न अडखळता सांगितलं. चार हुतात्मा पुतळ्यांसमोरून तो रोज सायकलनं येतो. शेवटी म्हणाला, "म्हणजे आपण देशाच्या आधी स्वतंत्र झालोतो. मग आपल्याला त्याची वेगळी सुट्टी का नाही?" परीक्षक मीच होतो. म्हटलं, "अरे, मे महिन्यात सुट्टीच असते." तो क्षणभर विचार करून म्हणाला, "ती त्याचीच आहे का सर?" मला उत्तर सुचलं नाही. पहिला नंबर देऊन टाकला.

विज्ञान प्रदर्शनाचं थोडक्यात सांगतो, कारण विज्ञानाच्या सरांची तशी विनंती आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या खाली उतरायला तयार नसतो अशा गावात आम्ही सोलर कुकर नेला आणि त्याच दिवशी आभाळ भरून आलं. चार तासांनी तांदूळ जसेच्या तसे. फक्त भिजले होते, तेही पावसानं.

१० ऑक्टोबरला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जयंती. १९१० साली आमच्या सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथंच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला. चित्रकलेच्या मॅडमनी त्यावर दहा मिनिटांची नाटिका बसवली होती. कोटणीस झालेला मुलगा इतका समरसून काम करत होता, की पुढच्या रांगेतल्या आया पदर शोधू लागल्या. तेवढ्यात स्ट्रेचरवरचा जखमी चिनी सैनिक संवाद विसरला. मॅडम विंगेतून डोळे वटारत होत्या. सैनिकानं कण्हत कण्हत स्वतःचंच वाक्य घातलं : "डॉक्टरसाहेब, लई दुखलालंय की ओ!" कोटणीस हसू दाबण्यासाठी पाठमोरे झाले, ते पडदा पडेपर्यंत पाठमोरेच राहिले.

मला खरं तर लिहायची होती ती क्षेत्रभेट. नववीचा वर्ग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचा कारखाना बघायला गेला होता. मागांचा खडखडाट असा, की व्यवस्थापक बोलत होते आणि आम्हाला फक्त त्यांच्या मिश्या हलताना दिसत होत्या. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा आहे. कवितेच्या तासाला नियमानं झोपतो. त्याला मी आजवर उठवण्याखेरीज काही शिकवलेलं नाही. तो मागाजवळ गेला आणि वरून फिरणाऱ्या भोकाच्या पट्ट्यांकडे बोट दाखवून ओरडून सांगायला लागला, "हे जेकार्ड. भोक आलं की धागा वर, भोक नाही तर धागा खाली. एवढंच." कुणीतरी ओरडून विचारलं, मग मोर कसा उमटतो? तो म्हणाला, "मोर कार्डात असतो. मागाला काय माहीत, मोर विणलालाव का कमळ ते."

संगणकाच्या मॅडम पुढे सरसावल्या. म्हणाल्या, हे अगदी संगणकासारखं झालं, एक आणि शून्य. पोरानं विचारलं, "कॉम्प्युटर आधी आला का जेकार्ड, मॅडम?" मॅडम प्रामाणिक आहेत. म्हणाल्या, "जेकार्ड. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला." तेव्हा त्या आवाजातही टाळ्या ऐकू आल्या. पलीकडच्या मागावर त्याचे वडील उभे होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात पुसायचं फडकं काढून उगाचच हात पुसले. हात स्वच्छ होते.

अहवालात 'विद्यार्थ्यांचे यश' असा तक्ता असतो. रकाने तीन : स्पर्धेचे नाव, स्तर, क्रमांक. या पोराला कुठल्या रकान्यात बसवावं हे कळेना. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी रात्री साडेअकराला लिहून टाकलं : स्पर्धा – जेकार्ड, स्तर – नववी ब, क्रमांक – पहिला.

त्याच रात्री घात झाला. सगळं टाइप झाल्यावर मोजलं तर 'उत्साहात' एकतीस वेळा आला होता. माझ्यासारख्या शब्दांच्या माणसाच्या हातून एकतीस वेळा! सुरुवातीला 'आनंदमय वातावरणात', 'हर्षोल्हासात' वगैरे केलं, पण बारा वाजल्यावर शब्दकोशही पेंगायला लागतो. संगणकाच्या मॅडमनी एकदा युक्ती दाखवली होती, एक शब्द सांगायचा, दुसरा सांगायचा, बटण दाबायचं, सगळीकडे बदल. मी 'उत्साहात'च्या जागी 'जल्लोषात' सांगितलं, बटण दाबलं आणि समाधानानं झोपलो.

सकाळी झेरॉक्सच्या पंचवीस प्रती काढून मामांनी संस्थेच्या सभेत वाटल्या. शाळेतला कागद खरोखर वाचतात ते फक्त आमचे शिपाईमामा. दुपारी ते चहा घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "सर, टिळकांची पुण्यतिथी आपण जल्लोषात केलती का ओ?"

मी प्रत ओढून घेतली. पुण्यतिथी जल्लोषात. सत्र परीक्षा जल्लोषात. पोषण आहाराची तपासणी जल्लोषात. क्रांतिदिनी हुतात्म्यांना अभिवादनही, देवा, जल्लोषात. एकच जागा सुटली होती : 'ढगाळ हवामानामुळे सोलर कुकरचे प्रात्यक्षिक काहीशा निरुत्साहात पार पडले.' विसर्गसंधी झाला की 'उत्साहात'मधला 'उ' 'रु'मध्ये मिसळून जातो आणि यंत्राला तो सापडत नाही. वीस वर्षं पोरं मला विचारतायत, संधी कशासाठी शिकायचा, तर यासाठी.

मी धावत सभागृहाच्या दारापर्यंत गेलो. आतून सचिवांचा आवाज आला, "अहवाल वाचला असे समजून मंजूर." टाळ्या झाल्या. मग अध्यक्ष म्हणाले, "यंदा भाषेत फरक जाणवतोय. पुढच्या सत्राचाही यांच्याकडेच ठेवा."

सुट्टी संपली. आता गॅदरिंगचं प्रास्ताविक कुणाच्या तरी गळ्यात पडणार होतं, म्हणून मी खबरदारी घेतली, डब्यात दहीभात नेला. मोठे सर आत आले तेव्हा तोंड रिकामं ठेवून मी तयारच होतो. पण भातावर बायकोनं शेंगाची चटणी घातली होती आणि ऐन वेळी मला ठसका लागला. ठसका लागलेल्या माणसाची मान वर-खालीच हलते. गणिताच्या सरांच्या डब्यात त्या दिवशी कडक भाकरी होती. ती त्यांनी घरूनच आमटीत कुस्करून आणली होती.