‘खरा ब्लेड रनर १९८२चाच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. “मामा, पाहिला एकदाचा ‘ब्लेड रनर’. मस्त आहे. आणि शेवटी तो सांगतो ना, रॉयने त्याला का वाचवलं ते, म्हणून बरं झालं. नाहीतर मला कळलंच नसतं.”

माझ्या पोटात खड्डा पडला. कुठली आवृत्ती पाहिलीस, विचारलं. “ओरिजिनल. १९८२ची. आपल्या ग्रुपवर आलं होतं ना, तीच खरी म्हणून.”

ग्रुपवर आलेलं ते मीही वाचलं होतं आणि कशाला वाद घाला म्हणून सोडून दिलं होतं. चूक झाली माझी. हा सिनेमा पहिल्यांदा पाहण्याची वेळ एकदाच येते आणि या मुलीची ती वेळ एका फॉरवर्डने खाल्ली. वर तिच्या कॉलेजच्या फिल्म क्लबातही तोच मजकूर फिरलाय आणि पुढच्या महिन्यात तिथे १९८२चीच प्रत लावायचं ठरतंय. म्हणून हे लिहितोय.

सिनेमा न पाहिलेल्यांसाठी एक ओळ: नायक डेकर्ड हा ‘ब्लेड रनर’, म्हणजे रेप्लिकंट शोधून मारणारा पोलीस; रेप्लिकंट म्हणजे हुबेहूब माणसासारखे बनवलेले, चार वर्षांचीच मुदत दिलेले जीव, रॉय बॅटी त्यांचा म्होरक्या, आणि डेकर्ड जिच्या प्रेमात पडतो ती रेचलही तशीच बनवलेली. आता फॉरवर्डमध्ये काय आहे ते सांगतो. ‘ब्लेड रनर’ खरा एकच, १९८२ला थिएटरात लागलेला. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. नंतरचे ‘डायरेक्टर्स कट’ (१९९२) आणि ‘फायनल कट’ (२००७) म्हणजे डिस्क विकायचा धंदा, त्यात अर्धा तास उगाच वाढवलाय. एकशिंगी घोड्याचं स्वप्न दिग्दर्शक रिडली स्कॉटने आपल्याच दुसऱ्या सिनेमातून उचलून यात चिकटवलं. नायकाचं निवेदन काढून टाकल्यामुळे गोष्ट कळत नाही. ते निवेदन नायक झालेल्या हॅरिसन फोर्डने मुद्दाम वाईट वाचलं. आणि मूळ कादंबरीचा लेखक फिलिप के. डिक याने १९८२चाच सिनेमा बघून शाबासकी दिली होती. खाली ‘खऱ्या रसिकांपर्यंत पोहोचवा’ आहेच.

घोड्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात ठासून सांगितलेली आणि सगळ्यात खोटी गोष्ट ती आहे.

डेकर्ड पियानोपाशी बसलाय, डुलकी लागल्यासारखा, आणि धुक्यातल्या झाडांमधून एक पांढरा एकशिंगी घोडा आयाळ उडवत धावत येतो. काही सेकंदांचं दृश्य. १९८२च्या आवृत्तीत ते नाही, १९९२ आणि २००७च्या आवृत्त्यांत आहे. स्कॉटचा ‘लेजंड’ १९८५ला आला, त्यात एकशिंगी घोडे आहेत. एवढ्यावरून कुणीतरी ठरवून टाकलं की उरलेली रीळ इकडे जोडली. पॉल सॅमन नावाचा पत्रकार ‘ब्लेड रनर’च्या निर्मितीच्या काळापासून त्याच्या मागावर होता. त्याने या सिनेमाच्या घडणीवर ‘फ्यूचर नॉयर’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं, १९९६ला आलं ते. त्यात स्कॉटने स्वतः सांगितलंय की हा घोडा ‘ब्लेड रनर’साठीच, ‘लेजंड’च्या आधी चित्रित केला होता. (मी इथे जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्याच पुस्तकातलं आहे. ज्याला खरंच रस आहे त्याने फॉरवर्ड सोडून ते वाचावं.)

पुस्तक हाताशी नसेल तरी हरकत नाही, १९८२ची आवृत्तीच लावा. शेवटी डेकर्ड रेचलला घेऊन घराबाहेर पडतो, तिच्या पायाला काहीतरी लागतं, तो वाकून उचलतो. चंदेरी कागदाची घडी घालून केलेला इवलासा एकशिंगी घोडा. गॅफ नावाचा पोलीस सिनेमाभर अशा कागदी वस्तू करत असतो: डेकर्डचा साहेब ब्रायंट याच्या ऑफिसात कोंबडी, लिऑन या रेप्लिकंटच्या खोलीत काडेपेटीच्या काडीचा माणूस आणि शेवटी हा घोडा. १९८२च्या सिनेमातली ही वस्तू १९८५च्या सिनेमातून कशी येईल? स्वप्न काढून टाकलं आणि घोडा तेवढा राहून गेला. त्यामुळे १९८२च्या आवृत्तीत त्याचा अर्थ ‘गॅफ इथे येऊन गेला’ एवढाच उरतो. स्वप्न असेल तर डेकर्डच्या अंगावर काटा का येतो ते कळतं. आपल्या डोक्यातली खासगी गोष्ट या माणसाला कशी ठाऊक? रेचलच्या लहानपणीची कोळ्याची आठवण डेकर्डला ठाऊक असते, कारण ती आठवण तिच्यात घातलेली असते. मग आपली?

आता चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या कशा असतात ते बघा. दुसऱ्या सिनेमाचे तुकडे ‘ब्लेड रनर’च्या एका आवृत्तीत खरोखरच जोडलेले आहेत आणि ती आवृत्ती १९८२ची आहे! शेवटी डेकर्ड आणि रेचल गाडीतून हिरव्या डोंगरांतून निघून जातात, वरून उन्हातली दरी दिसते. ती हवाई दृश्यं स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी काढलेली आणि तिथे न वापरलेली आहेत. स्कॉटने कुब्रिककडे मागितली, त्याने दिली. दोन तास आपण अशा शहरात असतो जिथे पाऊस थांबत नाही, ऊन दिसत नाही, जिथे घुबडसुद्धा बनवलेलं असतं. आणि शेवटच्या दोन मिनिटांत एकदम सहलीला जावं तशी हिरवळ. इतकी जवळ ही हिरवळ होती तर माणसं त्या चिखलात का राहत होती? वर निवेदनात डेकर्ड सांगतो की रेचलला चार वर्षांची मुदतच नव्हती. सगळ्या सिनेमाचा जीव त्या मुदतीत आहे, आणि शेवटी एका वाक्यात ती पुसून टाकायची.

आता ज्याने माझ्या पोटात खड्डा पडला त्या मुद्द्याकडे येतो: निवेदनाशिवाय गोष्ट कळत नाही.

छपरावरचा प्रसंग आठवा. डेकर्ड तुळईला लोंबकळतोय, बोटं सुटतायत. रॉय बॅटी त्याच्यावरून उडी मारून पलीकडे येतो. एका हातात पांढरं कबुतर आहे, दुसऱ्या तळव्यात खिळा, त्याने स्वतःच ठोकून घेतलेला, मरत चाललेला हात जागा राहावा म्हणून. डेकर्डचा हात सुटतो आणि त्याच क्षणी रॉय त्याचं मनगट पकडून वर उचलतो. मग समोर मांडी घालून बसतो आणि आपण काय काय पाहिलं ते सांगतो, चार-पाच वाक्यांत. त्यातलं अश्रू पावसात मिसळून जावेत तसं सगळं हरवून जाईल, हे वाक्य रॉय झालेल्या रुटगर हाउअरने स्वतः घातलंय. लिहून दिलेलं लांबलचक भाषण त्याने छाटलं आणि शेवटी ही ओळ जोडली. मान खाली जाते. कबुतर उडतं. डेकर्ड पावसात डोळे मिचकावत नुसता बघत राहतो.

२००७च्या आवृत्तीत इथे कुणी बोलत नाही. पाऊस आहे, व्हँजेलिसचं संगीत आहे आणि आपण आहोत. वाचवलं का याने? ज्याने याची माणसं मारली त्यालाच का? तो प्रश्न आपल्या छातीवर बसतो आणि सिनेमा संपल्यावरही उठत नाही.

१९८२ला नेमकं याच जागी डेकर्डचा आवाज येतो. त्याने मला का वाचवलं ते ठाऊक नाही, कदाचित शेवटच्या क्षणी त्याला जगणं कधी नव्हे इतकं प्रिय झालं असेल, माझं काय, कुणाचंही. आपल्या सगळ्यांना पडणाऱ्या प्रश्नांचीच उत्तरं त्यालाही हवी होती, कुठून आलो, कुठे चाललो. म्हणजे जे आत्ता डोळ्यांनी पाहिलं तेच कानात पुन्हा. मुलाने कविता वाचावी आणि ओळ संपायच्या आत मास्तरांनी भावार्थ सांगायला लागावं, तसं. माझी भाची हुशार आहे, तिने शंभर टक्के स्वतः विचार केला असता. तिला तो करूच दिला नाही.

‘गोष्ट कळत नाही’ यात तथ्य नाही. रेप्लिकंट म्हणजे काय, ब्लेड रनर कोण, त्यांना मारण्याला ‘निवृत्त करणं’ का म्हणतात, हे १९९२ आणि २००७ या दोन्ही आवृत्त्यांत सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येतं. चार वर्षांच्या मुदतीचं ब्रायंट ऑफिसात बसून सांगतो. आणखी काय कळायचं राहिलं?

एक मात्र कबूल करायला हवं, मनात नसलं तरी. निवेदन ही सगळी पैसे घालणाऱ्यांची कल्पना, असं आमच्या बाजूचे लोक सरसकट ठोकून देतात, तेही खरं नाही. जुन्या हेरपटांसारखं निवेदन पटकथाकार हॅम्प्टन फॅन्चरच्या सुरुवातीच्या मसुद्यांतही होतं आणि स्कॉटलाही तेव्हा ते नको होतं असं नाही. मार्च १९८२मध्ये डेन्व्हर आणि डॅलसला चाचणी खेळ झाले, त्या प्रतीत फक्त रॉयच्या मृत्यूपाशी थोडं निवेदन होतं. प्रेक्षक गोंधळले, तशा प्रतिक्रिया आल्या, आणि मग निवेदन नव्याने लिहून घेऊन सिनेमाभर पसरलं, गोड शेवट जोडला. आणि खरं सांगायचं तर निवेदनातलं एक वाक्य मला आवडतं. ब्रायंट रेप्लिकंटांना ‘स्किन जॉब’ म्हणतो, त्यावर डेकर्ड म्हणतो की काळ्या माणसांना शिवीने हाका मारणारे पोलीस इतिहासाच्या पुस्तकांत भेटतात, त्यातलाच हा. ते वाक्य गेल्याचं वाईट वाटतं. मी स्वतः हा सिनेमा पहिल्यांदा व्हिडिओ कॅसेटवर निवेदनासकटच पाहिला होता. ज्यांनी तसा पाहिला त्यांचा त्या आवाजावर जीव असणार, ते मी समजू शकतो. पण आपल्या जुन्या प्रेमापायी नव्या माणसाला ‘हाच खरा’ म्हणून सांगू नका.

फोर्डने मुद्दाम वाईट वाचलं, हे फोर्डनेच नाकारलंय. त्याला निवेदन नको होतं, नाखुशीने केलं, पण हातात जे दिलं ते जमेल तितकं नीट वाचलं असं त्याने मुलाखतीत सांगितलंय. कुणाच्या कामावर असा आळ घेताना जरा तरी विचार करावा.

‘प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला’? २५ जून १९८२ला लागला, ‘ई. टी.’ येऊन दोन आठवडे झाले होते आणि सगळी गर्दी तिकडे होती. सिनेमाला सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर लागले होते, अमेरिकेत तिकीटखिडकीवर तेवढेही जमले नाहीत. पडला सिनेमा. तो उभा राहिला पुढे, कॅसेटवर.

अर्धा तास वाढवला? १९८२ची आवृत्ती ११७ मिनिटांच्या आसपास, १९९२ची ११६, २००७ची ११७. डिस्कच्या खोक्यावर छापलेलं असतं.

फिलिप के. डिक २ मार्च १९८२ला वारला. पूर्ण सिनेमा त्याने पाहिलाच नाही. त्याला वीसेक मिनिटांची दृश्यं दाखवली होती, ती बघून तो हरखून गेला होता, एवढं खरं. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, म्हणून घालायचं का?

राहिला ‘धंदा’. इथे फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे. १९९० साली लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स थिएटरात चुकून ती जुनी चाचणीची प्रत लागली, लोकांना ती भलतीच आवडली, मग आणखी खेळ झाले. ते पाहून स्टुडिओने १९९२ला ‘डायरेक्टर्स कट’ बाजारात आणला. तो स्कॉटच्या टिपणांवरून मायकल एरिकने जुळवला, घाईत, आणि स्कॉट त्यावर पुरता खूश नव्हता. तेव्हा त्या नावावर आक्षेप घ्यायचा तर घ्या, मी आडवा येणार नाही. पण २००७चा ‘फायनल कट’ स्कॉटने पूर्ण आपल्या मनासारखा केला, चार्ल्स डी लॉझिरिकाला बरोबर घेऊन. त्यात काय केलं ते जवळून बघा. झोरा ही रेप्लिकंट काचांमधून पळत मरते तिथे पूर्वी विग घातलेली स्टंट करणारी बाई स्वच्छ दिसायची. पंचवीस वर्षांनी जोॲना कॅसिडीला पुन्हा बोलावलं, तिने तसाच पोशाख चढवला आणि तिचा चेहरा तिथे बसवला. सापवाल्याशी बोलताना डेकर्डचे ओठ आणि शब्द जुळत नव्हते, त्यासाठी फोर्डच्या मुलाचं, बेनचं, तोंड वापरलं. ब्रायंटचा हिशेबही सुधारला: पूर्वी सहा पळाले, एक मेला म्हणायचा आणि पुढे चौघेच दिसायचे. आता दोन मेले म्हणतो. उडणाऱ्या कबुतरामागे भर पावसात निळं आकाश दिसायचं, तेही गेलं. कलाकाराने पंचवीस वर्षं मनात राहिलेली कुसळं एकेक करून काढली, याला मी धंदा म्हणणार नाही.

सगळंच पटलं असंही नाही. रंगांवर हिरवट झाक आलीय, ती मला खटकते. रॉय आपल्याला बनवणाऱ्या टायरेलकडे आयुष्य मागताना पूर्वी शिवी द्यायचा, आता ‘बाप’ म्हणतो. मला शिवी हवी होती. आणि डेकर्ड स्वतः रेप्लिकंट आहे असं स्कॉट ठामपणे सांगतो, तेही मला मान्य नाही. मी फोर्डच्या बाजूचा, डेकर्ड माणूसच असला पाहिजे. पण हा वाद घालायला घोड्याचं स्वप्न सिनेमात असावं लागतं.

भाचीच्या क्लबाला निरोप पाठवलाय. पाचही आवृत्त्यांची डिस्कची पेटी माझ्याकडे आहे, घेऊन येतो. पहिला खेळ २००७चा लावा. ज्यांना डेकर्डचं निवेदन ऐकायचंय त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी १९८२चा लावू, मीही बसेन. आणि पहिल्या दिवशी शेवटच्या दृश्यात लिफ्टचं दार बंद झालं की लगेच दिवे लावू नका, नावं पूर्ण वर जाऊ द्या.