व्यूहरचना शिकताना नेत्यांनी घ्यावयाची काळजी

मोठ्या खुर्चीत बसलात, म्हणजे स्ट्रॅटेजी शिकणं आलंच. घाबरू नका. नीट काळजी घेतलीत, तर हा विषय पूर्ण शिकूनही कंपनीच्या कारभारात काडीचा फरक पडत नाही.

सुरुवात हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांच्यापासून करा. १९७९ साली त्यांनी स्पर्धेच्या पाच शक्ती मांडल्या: बाजारात शिरू पाहणारे नवे भिडू, पर्यायी वस्तू, ग्राहकांचा जोर, पुरवठादारांचा जोर आणि जुन्या स्पर्धकांची आपसातली हाणामारी. तुमचा नफा फक्त समोरचा स्पर्धकच खातो असं नाही, ग्राहक आणि पुरवठादारही त्यातला घास उचलतात, हा त्यातला मुद्दा. इतक्या खोलात शिरण्याची गरज नाही. आकृतीत मधोमध एक चौकोन आणि चहूबाजूंनी बाण असतात, ते रंगवा. प्रत्येक बाणापुढे ‘मध्यम’ लिहा. ‘तीव्र’ लिहिलंत तर कुणीतरी विचारील, मग आपण काय करणार? ‘मध्यम’ला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

याच गृहस्थांनी पुढे सांगितलं, की एक तर सगळ्यांपेक्षा कमी खर्चात माल काढा, नाहीतर वेगळेपणाची जादा किंमत वसूल करा, किंवा मोजक्या ग्राहकांचा एखादा कोपरा धरून बसा. अधेमधे अडकलात तर हाल आहेत. यावर तोडगा सोपा आहे. तिन्ही निवडा. ‘सर्वांना परवडेल असा खास निवडकांसाठीचा अव्वल अनुभव’ हे वाक्य कंपनीच्या भिंतीवर शोभून दिसतं.

१९९६ च्या लेखात मात्र त्यांनी जरा अतिच केलं. काय करायचं नाही हे ठरवण्यातच स्ट्रॅटेजीचं सार आहे, असं लिहून टाकलं. हे वाक्य सभेत जरूर म्हणा, डोळे किंचित मिटून. त्यानंतर लगेच वर्षभराच्या पंचवीस अग्रक्रमांची स्लाइड लावा.

दोन्ही डगरींवर हात ठेवायचा कसा, याचा उत्तम नमुना त्याच लेखात आहे. साउथवेस्ट ही विमान कंपनी एकाच जातीची, म्हणजे बोइंग ७३७ विमानं वापरायची. जेवण नाही, ठरलेल्या जागा नाहीत, जोडविमानांकडे सामान पोचवण्याची भानगड नाही. त्यामुळे विमान उतरलं की लगेच पुन्हा उडायचं. कॉन्टिनेंटल या दुसऱ्या विमान कंपनीने हे पाहिलं आणि आपली नेहमीची सर्व सोयींची सेवा चालू ठेवून शेजारी ‘कॉन्टिनेंटल लाइट’ नावाची स्वस्त सेवा काढली. नाही कुणालाच म्हणायचं नाही, किती हा मनाचा मोठेपणा! मग जोडविमानांची वाट पाहण्यात आणि सामान हलवण्यात उड्डाणांना उशीर होऊ लागला. स्वस्त तिकिटांवर एजंटांचं नेहमीचं कमिशन परवडेना, म्हणून ते सगळ्याच तिकिटांवर कापलं. वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या सवलतींवरही तशीच कात्री चालवली, आणि त्यात पूर्ण पैसे मोजणारेही आले. अशा रीतीने जुने, नवे आणि मधले असे सगळे एकाच वेळी नाराज झाले. १९९५ मध्ये लाइट गुंडाळली गेली. पण तुमची गोष्ट वेगळी आहे, नाही का?

स्वॉट तक्त्यावर, म्हणजे बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांच्या चार चौकटींवर, फार वेळ घालवू नका. बलस्थानांत ‘आमची माणसं’, उणिवांत ‘आम्ही अतिपरिपूर्णतेचा ध्यास घेतो’, इतकं पुरे.

बाजारातला हिस्सा कमी असेल तर खचू नका, बाजार कमी करा. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख असताना जॅक वेल्च यांनी फर्मान काढलं होतं, की प्रत्येक व्यवसाय जगात पहिला किंवा दुसरा हवा. नाहीतर सुधारा, विका किंवा बंद करा. तिथल्या हुशार व्यवस्थापकांनी आपापल्या बाजाराची व्याख्या इतकी अरुंद केली, की जो तो पहिला आला. शेवटी वेल्चना उलटा हुकूम काढावा लागला, की तुमचा हिस्सा दहा टक्क्यांच्या आत येईल इतकी व्याख्या रुंद करा. असला हुकूम निघेपर्यंत तुमची पुढची बढती होऊन गेलेली असते.

आता सर्वांत मोलाचं. स्ट्रॅटेजी निकाल लागल्यावर लिहावी. होंडा १९५९ मध्ये अमेरिकेत उतरली ती मोठ्या मोटारसायकली विकायला. त्या लांबच्या वेगवान प्रवासात तेल गाळू लागल्या, क्लच जाऊ लागले. दरम्यान कंपनीची माणसं स्वतःच्या कामांसाठी ज्या ५० सीसीच्या छोट्या गाड्यांवर हिंडत होती, त्यांचीच लोक चौकशी करू लागले. नाइलाजाने त्या विकायला काढल्या आणि बाजार मारला. १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी तयार झालेल्या सल्लागारांच्या अहवालात हेच यश मोठं उत्पादन, कमी खर्च आणि बाजारहिस्सा यांच्या रेखीव हिशेबात बसलं. रिचर्ड पास्कल या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने पुढे होंडाच्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाच गाठून खरी हकिगत विचारली. असे पास्कल आपल्या कंपनीच्या आसपास फिरकणार नाहीत, एवढी खबरदारी घ्या.

सल्लागार बोलावताना ज्ञानाची चिंता नको. पोर्टर ज्या मॉनिटर या सल्लागार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते, तिनेही २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पाच शक्ती तिथे कुणाला ठाऊक नव्हत्या, असं म्हणवत नाही.

इतकं करूनही वार्षिक बैठकीत एखादा नवखा हात वर करून विचारील, ‘साहेब, मग यंदा आपण बंद काय करणार?’ प्रश्नाचं तोंडभरून कौतुक करा, त्यावर एक समिती नेमा, त्यालाच अध्यक्ष करा, आणि तो प्रश्न पंचविसाव्या खाली सव्विसावा अग्रक्रम म्हणून लिहून घ्या.