कूलरसमोर बसून झाडाला शिव्या घालणारा मेसेज

गेल्या गुरुवारी दुपारी आमच्या फॅमिली ग्रुपवर मोठेबाबांनी एक मेसेज टाकला. "झाडांच्या नावाखाली चाललेली फसवणूक, एका निवृत्त इंजिनिअरचे परखड विचार". सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल ठिपका, शेवटी "डोळे उघडा, पुढे पाठवा". असे मेसेज मी वाचत नाही, अंगठा दाखवून सोडून देतो. पण तासाभराने मोठीआईचा फोन आला, "अरे, हे गेटजवळचा कडुनिंब काढतो म्हणून राहिले, सोमवारी माणूस येणार आहे, माझं तर ऐकतच नाहीत, तूच बोल बाप्पा." मग तो मेसेज नीट उघडून वाचला आणि डोकं तापलं. बाहेर तसंही 45 होतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: झाडं रात्री विषारी वायू सोडतात म्हणून घराजवळ झाड असलं की दमा होतो. झाडांमुळे हवा दमट होते, उकाडा वाढतो आणि कूलर काम करत नाही. नागपुरात एवढी झाडं असून पारा 56 वर गेला, मग झाडांचा उपयोग काय. मुळं घराचा पाया फोडतात. पाला नाल्यांत जाऊन पूर येतो. बगीच्यांच्या जागा विकल्या तर शहराचं कर्ज फिटेल. आणि एक झाड तोडलं तर पाच लावा, झाला हिशोब.

सगळ्यांत आधी कूलर. कारण हे वाचून मला खरंच हसावं का रडावं कळेना, आणि हे लिहिणारा माणूस इंजिनिअर असेल तर त्याची डिग्री परत घ्यायला पाहिजे.

कूलर काय करतो? खसाच्या ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा त्यातून बाहेरची कोरडी हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला जी उष्णता लागते ती हवेतून घेतली जाते, म्हणून आत गार हवा येते. आता झाड काय करतं? मुळांनी पाणी ओढतं, पानांच्या बारीक छिद्रांतून वाफ करून सोडतं, आणि त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूनेच घेतं. म्हणजे तेच काम, बिनाबिलाचं, बिनाआवाजाचं, ताट्या बदलायची कटकट नाही. कूलरसमोर गंजीवर बसून झाडाला "तू दमटपणा करतो" म्हणायचं म्हणजे कमालच झाली ना राजा.

आणि दमटपणा कशाचा? आपल्याकडे मे महिन्यात दुपारी धुतलेली जीन्स तासाभरात कडक होते. ओठ फुटतात. इतक्या कोरड्या हवेत झाडाने थोडी वाफ सोडली तर उपकारच आहेत. कूलर बंद पडल्यासारखा वाटतो तो जुलैत, तेव्हा पावसाळ्यामुळे सगळ्या विदर्भातच दमट असतं, त्याचं खापर गेटवरच्या एका निंबावर काहून फोडता?

हिशोबच पाहिजे असेल तर घ्या. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 0.68 युनिट उष्णता लागते. समजा मोठं झाड दिवसभरात 100 लिटर पाणी उडवतं, तर झाली 68 युनिट. दीड टनाचा एसी तासाला सव्वापाच युनिटच्या आसपास उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे तेरा तास एसी चालवल्याइतकं काम. इथे मी प्रामाणिकपणे सांगतो, हा आकडा सांगून झाडवाले लोकही जरा फुगवतात. एसी बंद खोलीत चालतो, झाड उघड्यावर, त्यामुळे ते गारवा वाऱ्यासोबत वाटून टाकतं ना, तुमच्या बेडरूममध्ये जमा होत नाही. शिवाय आपल्या मे महिन्यातल्या भर दुपारी झाडही शहाणं होतं, पानांची छिद्रं मिटून पाणी वाचवतं. तेव्हा कामाला येते ती सावली.

आणि सावली म्हणजे काही लहान गोष्ट नाही. 10 बाय 10 फुटाच्या स्लॅबवर भर दुपारी जे ऊन पडतं ते साडेआठ-नऊ किलोवॅट भरतं, म्हणजे 2 किलोवॅटचे चार-साडेचार गिझर स्लॅबवर चालू करून ठेवल्यासारखं. झाड ते वरच्या वर अडवतं. बंगळुरूत पर्यावरण अभ्यासक हरिणी नगेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडं असलेले आणि नसलेले रस्ते मोजून 2013 साली रिसर्च पेपर छापला आहे, त्यात दुपारच्या वेळी झाडाखालची हवा 5.6 डिग्रीपर्यंत आणि डांबराचा पृष्ठभाग 27.5 डिग्रीपर्यंत कमी निघाला. परत वाचा, साडेसत्तावीस. हे बंगळुरूत, जिथे आपल्यासारखं ऊन नसतंच. आकडे जास्तीत जास्तचे आहेत, रोज प्रत्येक झाडाखाली तेवढाच फरक पडेल असं कोणी म्हणत नाही, पण निदान मोजून सांगितलेले आहेत, लाल ठिपके लावून नाही.

पेपर नको असेल तर रविवारी मी जे केलं ते करा. दुपारी अडीचला त्रिमूर्तीनगरात मोठेबाबांकडे गेलो, गेटसमोर चप्पल काढली आणि निंबाच्या सावलीतल्या टाइल्सवर उभा राहिलो. गरम होत्या, पण उभं राहवत होतं. चार पावलं पुढे उन्हात गेलो, तीन म्हणेपर्यंत उडी मारून परत. मग पश्चिमेच्या भिंतीला हात लावला. खाली सावलीत होती तिथे कोमट, आणि फांद्यांच्या वर जिथे ऊन थेट पडतं तिथे तव्यासारखी. त्या भिंतीच्या आत मोठीआईची खोली आहे, दुपारी तिथेच झोपते ती. निंब गेला की ती अख्खी भिंत तवा होणार, आणि मग तोच इंजिनिअर दुसरा मेसेज पाठवेल की दीड टनाचा एसी कुठला घ्यावा.

56 डिग्रीचं एका वाक्यात संपतं. मे 2024 च्या शेवटी रामदासपेठेतल्या एका ऑटोमॅटिक हवामान स्टेशनवर 56 दिसलं, टीव्हीवाले नाचले, आणि हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरचा खरा रेकॉर्ड 47.9 चा आहे, 23 मे 2013 चा, आणि तोही पुरे आहे बे आपल्याला. बिघडलेल्या मशीनचा राग झाडांवर!

रात्रीचा विषारी वायू. कार्बन डायऑक्साइड हा विषारी वायू असेल तर मोठेबाबांच्या बेडवर त्यांच्या बाजूला जी व्यक्ती झोपते ती दिवसाला किलोभराच्या आसपास सोडते, तिलाही काढायचं का? हो, झाडं रात्री श्वसन करतात, शाळेत शिकलो आपण, पण ते इतकं थोडं असतं की उघड्या हवेत त्याने काही होत नाही. आणि याच्या उलट बाजूचा जो मेसेज फिरतो ना, पिंपळ 24 तास ऑक्सिजन देतो वाला, तोही चूक. ऑक्सिजन निघायला उजेड लागतो, पिंपळालाही लागतो. दम्याचं म्हणाल तर ऑक्टोबरात सप्तपर्णीच्या वासाने डोकं चढतं हे मी मान्य करतो, पण ती सप्तपर्णी, हा निंब आहे.

मुळांचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि नाइलाजाने तो द्यावा लागतो. गच्चीच्या कठड्यात उगवलेला पिंपळ लगेच काढा, तिथे भावना आणू नका. कंपाउंडला चिकटून वड किंवा रबर लावणारा माणूस पुढच्या पिढीला भांडण ठेवून जातो. गुलमोहर दिसतो भारी, पण लाकूड ठिसूळ, वादळात फांदी गाडीवर येते. आणि आपली माती काळी, उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि झाड अगदी पायाला लागून असेल तर ती जास्त वाळून आकसू शकते. पण नागपूरच्या घरांच्या भिंतींना भेगा का पडतात हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो आधी मातीचं नाव घेईल, मग पाया किती खोल घेतला ते विचारेल. झाड नसलेल्या घरांनाही भेगा आहेत ना. गटाराच्या पाइपात मुळं जातात तेही सहसा आधीच गळणाऱ्या जोडातून जातात. मोठेबाबांचा निंब पायापासून बारा-तेरा फूट आहे, मी पावलांनी मोजलं.

नाल्या आणि पूर यावर काय बोलायचं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरांत शिरली, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, लोकांच्या गाड्या पाण्यावर तरंगल्या. ते पाल्याने झालं? पाला झाडायला झाडू लागतो. सिमेंट रोड घराच्या ओट्यापेक्षा उंच, अंगण टाइल्सचं, मग पाण्याने जिरायचं कुठे?

आता पैसे, कारण मोठेबाबांना शेवटी तीच भाषा पटते. 2021 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टासमोर एका तज्ज्ञ समितीचा रिपोर्ट आला, पश्चिम बंगालमधल्या रेल्वे पुलांसाठी 356 झाडं तोडायच्या केसमध्ये, आणि सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचेच शरद बोबडे. समितीने एका झाडाची किंमत वर्षाला 74,500 रुपये धरली आणि ती झाडाच्या वयाने गुणायला सांगितली. त्या हिशोबाने तिथल्या झाडांची किंमत 220 कोटींच्या घरात निघाली. मला स्वतःला हा आकडा पूर्ण पटत नाही, कारण त्यातले 45,000 नुसत्या ऑक्सिजनचे आहेत, आणि हवेत आधीच 21 टक्के ऑक्सिजन असताना तो सिलिंडरच्या भावाने मोजणं म्हणजे जरा ओढूनताणून आहे. ठीक, काढून टाका ते. तरी 29,500 उरतात. निंब तीस वर्षांचा धरला तर 8 लाख 85 हजार. आणि सोमवारचा माणूस काय म्हणाला होता? 4,000 रुपये तुम्ही मला द्या, लाकूडही मीच नेतो. लय भारी सौदा!

बगीचे विकून कर्ज फेडायचं म्हणणाऱ्याने एकदा कुठल्याही बिल्डरच्या साइटवर जाऊन "गार्डन फेसिंग" फ्लॅटचा भाव विचारावा, वेगळे पैसे लावतात त्याचे. जागा एकदाच विकता येते. आणि कमाई म्हणाल तर मे महिन्यात कोणत्याही रस्त्याने जा, पंक्चरवाला, रसवंती, चप्पल शिवणारे, ऑटो स्टँड, सगळे कोणत्या ना कोणत्या झाडाखाली. त्या माणसाचं दुकान म्हणजे ती सावली, ती तोडली की दुपारचे चार तास धंदा बंद, आणि हे कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत घातक, कारण ऐकायला तो समजूतदार वाटतो. एक तोडा, पाच लावा. निंबाचा घेर 30 फूट, रोपाचा फार तर 3 फूट. घेर दहापट असला की सावलीचं क्षेत्रफळ शंभरपट, म्हणजे पहिल्या दिवशी सावली भरून काढायला पाच नाही, शंभर रोपं लागतील, आणि ती सगळी त्याच गेटसमोर. प्रत्यक्षात ती लागतात शहराबाहेर कुठेतरी, फोटो निघतात, पहिल्या मे महिन्यात अर्धी वाळतात, आणि तिथल्या सावलीचा मोठीआईच्या भिंतीला उपयोग काय? कायद्यालाही हे पाचचं गणित मंजूर नाही. महाराष्ट्राचा शहरी झाडांचा कायदा 1975 चा आहे, 2021 मध्ये त्यात बदल झाला, आता झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची, तीही किमान सहा फुटांची. पन्नास वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज. आणि स्वतःच्या अंगणातलं असलं तरी परवानगी लागते.

हे शेवटचं वाक्य मी रविवारी मोठेबाबांना सांगितलं तर म्हणाले, "माझ्या प्लॉटमधलं झाड, मला कोण विचारणार?"

सोमवारी सकाळी विचारलं. जो तोडायला आला होता त्यानेच. दुपट्टा बांधलेला, दोर खांद्यावर, गाडी त्याने नेमकी निंबाखालीच लावली, आणि पहिला प्रश्न केला, "काका, परमिशनचा कागद आहे ना?" कागद नव्हता. तो म्हणाला, "मग मी हात नाही लावत, मागच्या वेळी लफडं झालं होतं." मोठीआईने त्याला पन्हं दिलं, सावलीत बसून प्याला आणि गेला.

मोठेबाबा अजून म्हणतात की पावसाळ्यानंतर बघू. पण संध्याकाळी मी सब्बल घेऊन बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडायला बसलो तर थोड्या वेळाने स्वतःच बाहेर आले, म्हणाले तिकडून नको, इकडून मार, इकडे पातळ आहे. दोन हात रुंद सिमेंट निघालं, खालची माती राखेसारखी कोरडी. दोन बादल्या पाणी ओतलं, आवाज करत आत गेलं.