वाचनालयातला संगणक नवाकोरा कसा ठेवावा

तुमच्या वाचनालयाला संगणक मिळाला ना? अभिनंदन! राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनेतून आलेला असो नाहीतर आमदार निधीतून, आता त्याला वाचकांपासून जपायची जबाबदारी तुमची. कार्यकारी मंडळावर असाल तर पुढचं नीट वाचा. गेल्या मंगळवारी आमच्या गावच्या वाचनालयात अडीच तास बसून मी हे शास्त्र शिकून आले आहे.

पहिलं म्हणजे कव्हर. साधं नको. आमच्याकडचं मरून मखमलीचं आहे, कडेला सोनेरी झालर. दारातून बघितलं तेव्हा मला वाटलं, भजनी मंडळाची पेटी ठेवली आहे.

कीबोर्डवरचं कंपनीचं प्लॅस्टिक काढायचं नाही. आमच्याकडे ते अजून आहे आणि त्याच्या आत, एंटरच्या बटणाशेजारी, एक मुंगी मरून पडली आहे. त्या बटणापर्यंत आजवर पोचलेली बहुधा तीच एक.

माऊस कपाटात. कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे.

पासवर्ड एकालाच माहीत असावा आणि तो लग्नाला गेलेला असावा.

फलक मात्र रस्त्यावरून दिसेल असा लावा. ‘मोफत संगणक व इंटरनेट सुविधा’. त्याखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, सदस्य. नावांची अक्षरं सुविधेपेक्षा बोटभर मोठी असली की झालं. लोक वाचतात हो, आत येतात तेव्हाच पंचाईत होते.

आणि आलेच, तर नियम काढा. हे सगळ्यात परिणामकारक. मी शेजारच्या मुलीला घेऊन गेले होते. बीएच्या पहिल्या वर्षाला आहे, शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर भरायचा, शेवटची तारीख परवाची. घरात एकच मोबाईल, तो सकाळी भावाबरोबर एमआयडीसीत जातो, म्हणजे ओटीपीसुद्धा एमआयडीसीत. तरी आम्ही भावाला सांगून ठेवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत फोन जवळ ठेव. आत गेलो तर पहिला प्रश्न, सभासद आहात का? मी आहे, ती नाही. मग तिची वर्गणी आणि अनामत भरा. भरतो. पण पावतीपुस्तक कार्यवाहांकडे आणि कार्यवाह बँकेत. बरं, माझ्या नावावर बसू द्या. मग अर्ज लिहा. संगणक वापरायला कागदावर अर्ज! ‘प्रति, मा. अध्यक्षसाहेब, विषय : संगणक वापरणेबाबत.’ लिहिला. कारण लिहा. लिहिलं. कुठली वेबसाइट उघडणार ते लिहा. लिहिलं. आता हा अर्ज मंडळाच्या बैठकीत ठेवू. बैठक कधी? महिन्याच्या शेवटच्या रविवारी. परवा शेवटची तारीख आहे हो! त्यावर उत्तर काय, तर ‘मॅडम, तुम्ही अगोदर यायला पाहिजे होतं.’ अगोदर कसं येणार? उत्पन्नाचा दाखला आदल्या दिवशी हातात पडलाय! तो स्कॅन करून 256 केबीच्या आत बसवायचाय, ते काय मोबाईलच्या फुटक्या काचेवर करायचं का?

भिंतीवर रंगनाथनांचा फोटो होता, 12 ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनाचा हार अजून गळ्यात. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं या माणसाने 1931 साली मांडली, त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. आम्ही बरोबर त्यांच्या खाली बसलो होतो.

शेवटी किल्ली आली. लग्नातल्या माणसाला फोन लावला, मागे बँड वाजत होता. पासवर्ड निघाला ‘वाचाल तर वाचाल’, सगळं जोडून, इंग्रजी अक्षरांत. संगणक सुरू झाला. कोपऱ्यात तारीख, 1 जानेवारी 2010. आतला सेल मेलेला. तारीख चुकली की सुरक्षित म्हणवणारी एकही वेबसाइट उघडत नाही. ती पोरीनेच दुरुस्त केली, तर आत विंडोज सेव्हन. कंपनीने त्यातून 2020 च्या जानेवारीतच अंग काढून घेतलंय. पानाचा वरचा पट्टा दिसला, चाक फिरत राहिलं. तेवढ्यात वीज गेली. यूपीएसवर कोणाचा तरी मोबाईल चार्ज होत होता. तो होत राहिला, संगणक बंद.

तर शेवटचा सल्ला: संगणक असा राखा, की तपासणीच्या दिवशी कव्हर काढलं की…

नाही, पुरे झालं. ग्रंथपालबाईंवर माझा राग नाही. 2022 साली सरकारी अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं, तेव्हा सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे 30 हजारांचे 48 हजार झाले. म्हणजे महिन्याला चार हजार, त्यात पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल. त्यातून बाईंच्या हातात काय पडत असेल ते मला कळतं, आणि काही मोडलं तर भरपाई कोणाकडून वसूल होईल हे त्यांना कळतं. पण मंडळावरच्या तुम्हा लोकांना काय झालंय? तुमच्या नातवंडांकडे लॅपटॉप आहेत. तुमचे फॉर्म कोणीतरी भरून देतं. दाखला ऑनलाइन, शिष्यवृत्ती ऑनलाइन, प्रवेश ऑनलाइन, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी गावात सरकारी पैशाने ठेवलेला हा एकच संगणक. तो तुम्ही मखमलीत गुंडाळून ठेवलाय! लाज नाही वाटत? ती पोरगी संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या केंद्रात 200 रुपये देऊन फॉर्म भरून आली. तिच्या आईची ती एका दिवसाची निम्मी मजुरी.

तो सेल पन्नास रुपयांना मिळतो. उद्या आणा. माऊस कपाटातून बाहेर काढा, पासवर्ड भिंतीवर लिहा. पन्नास रुपयांसाठी बैठक लागणार असेल तर माझ्याकडून घेऊन जा. पावती नको.